‘८.२३’ची लोकल, चौथी सीट आणि भजनाचा डबा: मुंबई लोकलमधलं जग नेमकं चालतं कसं?

डोंबिवलीत कुणालाही विचारा, "सकाळी कितीची पकडता?" समोरचा माणूस "साडेआठच्या आसपासची" असं कधीच म्हणणार नाही. तो म्हणेल, "८.२३." मिनिटासकट, आणि अशा सुरात की जणू ती गाडी त्याच्या नावावर आहे.

लांब पल्ल्याच्या गाड्यांना नावं असतात. डेक्कन क्वीन, कोकणकन्या, सेवाग्राम. लोकलच्या बाबतीत वेळ हेच नाव. ती गाडी बारा मिनिटं उशिरा आली तरी तिचं नाव बदलत नाही. "आज ८.२३ आठ पस्तीसला आली" हे वाक्य मुंबईकराला अजिबात विचित्र वाटत नाही.

मुंबई लोकलबद्दल आपण बहुतेक वेळा दोनच प्रकारचं वाचतो. एक तर गर्दी, अपघात, मेगाब्लॉक. नाही तर ‘मुंबई स्पिरिट’ची भरलेल्या गळ्याने केलेली स्तुती. या दोन्हींच्या मधे एक मोठा प्रदेश आहे. रोज ७० लाखांहून जास्त प्रवासी, दिवसाला ३,००० हून जास्त फेऱ्या, आणि त्यात कुठल्याही वेळापत्रकात न छापलेले नियम, सण, दोस्त्या, भांडणं आणि खाणं. हे सगळं तयार कसं झालं आणि आता त्याचं काय होतंय, ते बघू.

आधी थोडा भूगोल

१६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदर ते ठाणे ही देशातली पहिली प्रवासी गाडी धावली, हे आपण शाळेत पाठ केलेलं असतं. १४ डबे, साधारण ४०० पाहुणे, ३४ किलोमीटर. पण आज आपण जिला ‘लोकल’ म्हणतो तिचा वाढदिवस वेगळा आहे. ३ फेब्रुवारी १९२५ ला तेव्हाच्या व्हीटीहून कुर्ल्यापर्यंत हार्बर मार्गाने विजेवर चालणारी गाडी धावली. म्हणजे इलेक्ट्रिक लोकलला २०२५ मध्ये १०० वर्षं पूर्ण झाली.

आता नकाशा डोळ्यांसमोर आणा. मुंबई ही लांबट, चिंचोळी पट्टी. तिन्ही बाजूंनी पाणी. त्यामुळे रूळ वाढले ते उत्तरेकडेच: पश्चिम रेल्वे विरार आणि पुढे डहाणूपर्यंत, मध्य रेल्वे कल्याणला पोचून कसारा आणि कर्जत-खोपोलीकडे. ऑफिसं मात्र कित्येक दशकं दक्षिणेच्या टोकाला राहिली. परिणाम असा की सकाळी सगळे एकाच दिशेला आणि संध्याकाळी सगळे उलट दिशेला.

१९८२ च्या संपानंतर गिरण्या बंद पडत गेल्या आणि लालबाग-परळच्या चाळींमधली कितीतरी कुटुंबं डोंबिवली, कल्याण, वसई, विरारकडे सरकली. घर लांब गेलं, प्रवास तासा-दीड तासाचा झाला. दिवसाचे तीन तास जर गाडीत जाणार असतील तर माणूस तिथे नुसता बसून राहत नाही. तो तिथे संसार मांडतो.

ग्रुप बनतो तो जिन्यामुळे

हे ऐकायला गमतीशीर वाटेल, पण लोकलमधल्या मैत्रीचं एक मोठं कारण पादचारी पूल हे आहे.

रोजचा प्रवासी कुठल्याही डब्यात चढत नाही. उतरायच्या स्टेशनवर जिना ज्या डब्यासमोर येतो, तो डबा तो पकडतो. कारण तिथे उतरलं की जिन्यावर गर्दी व्हायच्या आत वर पोचता येतं. चार मिनिटं वाचतात, पुढची बस किंवा शेअर रिक्षा मिळते. आता एकाच वेळेची गाडी, एकाच जिन्यासाठी एकच डबा आणि हातात महिन्याचा पास. म्हणजे रोज तीच माणसं, त्याच दारात. पहिल्या महिन्यात नुसती मान हलते. दुसऱ्या महिन्यात "काल दिसला नाहीत?" तिसऱ्या महिन्यात डब्यातली पोळी-भाजी वाटली जाते.

या ग्रुपमध्ये बँकेतले साहेब, शिपाई, कॉलेजची पोरं, प्रेसमध्ये काम करणारे असे सगळे असू शकतात. अनेकांना एकमेकांची आडनावं माहीत नसतात. ‘अंबरनाथवाले’, ‘एलआयसीवाले काका’, ‘चष्मेवाला’ अशी ओळख पुरते. तरी कुणाच्या घरी लग्न असलं की डब्यात पत्रिका वाटली जाते, आणि कुणी निवृत्त होणार असलं की शेवटच्या दिवशी चालत्या गाडीत शाल, श्रीफळ आणि पेढे होतात. ऑफिसातल्या निरोप समारंभापेक्षा हा समारंभ जास्त रडवतो, असं निवृत्त झालेल्या दोघा-तिघांकडून मी स्वतः ऐकलं आहे.

पूर्वी मांडीवर ब्रीफकेस आडवी ठेवून पत्ते रंगायचे. एकच पेपर चार जणांत पानं फोडून वाचला जायचा, आणि उभ्याने वाचायचा तर त्याची उभी पट्टी कशी करायची याची खास घडी होती. आता तिथे मोबाइल आला. पण ग्रुप मेला नाही, तो व्हॉट्सअ‍ॅपवर गेला. सकाळी आठला मेसेज पडतो, "गाडी कल्याण सोडली, ६ मिनिटं लेट." २०१० मध्ये सचिन टेके या तरुणाने बनवलेलं एम-इंडिकेटर हे अ‍ॅप तर मुंबईकराच्या फोनमध्ये घरच्या किल्लीसारखं असतं.

चौथी सीट: अर्ध्या मांडीचा करार

सेकंड क्लासच्या बाकावर जागा तिघांची. बसतात चौघे. हा चौथा अर्धा बाकावर, अर्धा हवेत असतो, एक पाय वाटेत रोवून. तरी उभं राहण्यापेक्षा ते बरं.

गंमत अशी की चौथ्या सीटवर कुणाचाही कायदेशीर हक्क नाही, पण ती नाकारणं हे असभ्यपणाचं लक्षण. कुणी नुसतं "जरा सरका" म्हणालं की आतले तिघे काहीही न बोलता खिडकीकडे सरकतात. नाही सरकले तर आजूबाजूचे उभे असलेले बोलतात. काही ग्रुपमध्ये तर अर्ध्या वाटेवर बसलेला उठतो आणि उभ्याला बसवतो. ठाण्यापर्यंत तू, ठाण्यापासून मी.

तसाच दुसरा करार सीट ‘लावण्याचा’. गाडीत शिरल्यावर बसलेल्या माणसाला विचारायचं, "कुठे उतरणार?" तो म्हणाला "घाटकोपर", की ती सीट तुमची लागली. मागून आलेल्याने तीच सीट मागितली तर बसलेलाच सांगतो, "यांना दिली आहे." हा व्यवहार कुठे लिहिलेला नसतो आणि फार क्वचित मोडला जातो. लेडीज डब्यात तो जास्त कडक चालतो. एकीची सीट दुसरीला, दुसरीची तिसरीला, अशी कर्जतपर्यंतची साखळी तोंडी लागलेली असते.

मग ‘रिटर्न’. संध्याकाळी सीएसएमटीहून सुटणाऱ्या गाडीत जागा हवी म्हणून भायखळा-मशीद बंदरचे लोक उलटे सीएसएमटीला येतात आणि त्याच गाडीत बसून परत जातात. पश्चिम रेल्वेवर मरीन लाइन्स, ग्रँट रोडचे लोक चर्चगेटला जातात. एक ते तीन स्टेशनं मागे जायची, पण पुढचा तास बसून. यावरून रोज भांडणं होतात, कारण गाडी टर्मिनसला लागते तेव्हाच ती अर्धी भरलेली असते आणि तिथे रांगेत थांबलेले बघत राहतात.

आणि या सगळ्याला एक कडवट बाजू आहे. ग्रुप म्हणजे ‘आपले’ आणि ‘बाकीचे’. विरार गाडीत बोरिवलीवाल्याने चढू नये, कर्जत गाडीत ठाण्यावाल्याने चढू नये, हा नियम दारातले लोक अनेकदा खांद्याने राबवतात. मी एकदा संध्याकाळी दादरला कर्जत फास्टमध्ये चढले. दारातल्या काकूंनी विचारलं, "कुठे?" मी म्हटलं, "ठाणा." त्यांनी वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाल्या, "ठाणा लोकल बंद झाल्यात का गं?" मला उतरू दिलं त्यांनी, पण मुलुंड गेल्यापासून चार जणींना ओरडून जागा करायला लावून. चूक माझीच होती, हे मला पुढे कळलं. ज्या बाईला अजून तासभर जायचंय, तिच्या दृष्टीने मी एक माणसाची जागा फुकट अडवली होती.

इंडिकेटर वाचायला शिका

नव्याने मुंबईत आलेल्यांसाठी ही एक छोटी चावी. इंडिकेटरवर गाडीचं ठिकाण इंग्रजी अक्षरात येतं. ‘के’ म्हणजे कल्याण, ‘टी’ म्हणजे ठाणे, ‘ए’ म्हणजे अंबरनाथ, इथपर्यंत सोपं आहे. पण कर्जत गाडीवर ‘एस’ असतं आणि कसारा गाडीवर ‘एन’. कारण कल्याणनंतर रुळांना दोन फाटे फुटतात. एक ईशान्येला कसाऱ्याकडे जातो, दुसरा आग्नेयेला कर्जतकडे. त्या दिशांची ही आद्याक्षरं. कल्याणपर्यंत जायचं असेल तर दोन्ही चालतील, पुढे जायचं असेल तर एका अक्षरात तुम्ही घाटाच्या चुकीच्या पायथ्याशी.

मुंबईकडे येणारी ती ‘अप’, मुंबईपासून दूर जाणारी ती ‘डाऊन’. दादरला पूर्वी दोन्ही रेल्वेंचे प्लॅटफॉर्म आपापले एकपासून मोजले जायचे, त्यामुळे "दादर एक नंबरला भेटू" म्हणून दोघं दोन वेगळ्या ठिकाणी उभे राहायचे. डिसेंबर २०२३ पासून पश्चिमेचे १ ते ७ आणि मध्यचे ८ ते १४ अशी सलग मोजणी झाली. जुने लोक अजून जुनेच आकडे सांगतात.

टाळ, मृदंग आणि सकाळची गाडी

लोकलमधलं भजन पहिल्यांदा ऐकणाऱ्याला धक्का बसतो. गाडी कळव्याच्या पुढे गेली आणि अचानक डब्याच्या एका कोपऱ्यातून टाळ वाजायला लागतात. ढोलकी नसली तर डब्याचा पत्रा आहेच. एक जण आरंभ करतो, बाकीचे मागून ओढतात. उभे असलेलेही ठेका धरतात.

यातल्या बऱ्याच मंडळांची मुळं चाळीतल्या भजनात शोधावी लागतात, असं मला वाटतं. कोकणातून आणि घाटावरून गिरणीत आलेला कामगार संध्याकाळी चाळीत भजनाला बसायचा. घर उपनगरात गेल्यावर संध्याकाळ प्रवासातच संपायला लागली. मग भजनाला वेळ उरला तो गाडीतच. आषाढी एकादशीच्या दिवशी या डब्यांमध्ये तुळशीहार, अबीर-बुक्का आणि साबुदाण्याची खिचडीही असते.

सगळ्यांना हे आवडतं का? नाही. रात्रपाळी करून आलेल्या, सकाळी डोळे मिटू पाहणाऱ्या माणसाला कानाशी वाजणारे टाळ हा छळच. यावर तक्रारीही होत आल्या आहेत. पण बहुतेक ठिकाणी तोडगा रेल्वेने नाही, प्रवाशांनीच काढलेला असतो: भजनाचा डबा ठरलेला, ज्याला नको तो पुढच्या डब्यात.

लेडीज डबा: चाकांवरचं अंगण

५ मे १९९२ ला पश्चिम रेल्वेवर चर्चगेट ते बोरिवली अशी पूर्ण महिलांसाठीची लोकल सुरू झाली. ‘लेडीज स्पेशल’. त्याआधीपासून महिलांचे राखीव डबे होतेच. पण या डब्यांना ‘राखीव’ हा सरकारी शब्द फार अपुरा आहे.

संध्याकाळी साडेसहा-सातच्या गाडीत बघा. एक जण पिशवीतून मेथीची जुडी काढते, मांडीवर पेपर पसरते आणि निवडायला लागते. शेजारची न विचारता अर्धी जुडी घेते. घरी पोचेपर्यंत भाजी निवडून तयार. कुणी मटार सोलते, कुणी विणते, कुणी परीक्षेचे पेपर तपासते. ठाणे ते बदलापूर या वेळात एक बाई ऑफिसातली कर्मचारी असणं संपवून घरातली गृहिणी होत असते, आणि या दोन पाळ्यांच्या मधला पाऊण तास हाच तिचा स्वतःचा. घरात जे बोलता येत नाही ते इथे बोललं जातं, कारण ऐकणारी सासरची किंवा माहेरची नसते.

इथे भिशी चालते. इथे केळवण होतं. सातव्या महिन्यातल्या बाईचं डोहाळजेवण होतं, हिरवी साडी, फुलांची वाडी, आणि बर्फी की पेढा ओळखण्याचा खेळ, सगळं चालत्या गाडीत. संक्रांतीनंतर हळदीकुंकू आणि वाण. नवरात्रात रोजचा ठरलेला रंग. दोन दशकांपूर्वी एका मराठी वृत्तपत्राच्या पानावरून सुरू झालेली ही टूम पसरली ती मुख्यतः लोकलच्या प्लॅटफॉर्मवरून. सकाळी दादरच्या पुलावर उभं राहिलं की आज कुठला रंग आहे ते कॅलेंडर न बघता कळतं.

आणि विक्रेत्या. कानातली, क्लचर, टिकल्यांची पाकिटं, सेफ्टी पिना, नेलपॉलिश, पावसाळ्यात मोबाइलची प्लास्टिकची पिशवी. दहा-वीस रुपयांपासून. एका हाताने वरची कडी, दुसऱ्या हातावर अख्खं दुकान. रेल्वे कायदा १९८९ च्या कलम १४४ नुसार परवान्याशिवाय गाडीत माल विकणं हा गुन्हा आहे, त्यामुळे पोलीस दिसले की दुकान क्षणात पिशवीत जातं. अनेक विक्रेत्या वर्षानुवर्षं त्याच गाडीत येतात आणि त्यांच्याकडे उधारीही चालते. कुठल्या बाईला कुठल्या रंगाच्या बांगड्या लागतात हे त्यांना तोंडपाठ असतं.

गाडीचाही दसरा

दसऱ्याला आपण घरातल्या अवजारांची, गाड्यांची पूजा करतो. मग ज्या गाडीवर पोट आहे तिची का नाही? दसऱ्याच्या दिवशी सुट्टी असते, म्हणून त्याच्या आदल्या कामाच्या दिवशी लोकलचे डबे सजतात. झेंडूची तोरणं, आंब्याची पानं, पताका, देवीचा फोटो. खांबांना आणि वरच्या कड्यांना फुलं. मोटरमनच्या केबिनलाही हार, आणि अनेक ठिकाणी मोटरमन-गार्डना मिठाई. पैसे ग्रुपची वर्गणी. सजावट करायला लोक पहाटे लवकर येतात आणि त्या दिवशी गर्दीतही कुणी तोरणाला धक्का लागू देत नाही.

असंच प्रेम पुणे-मुंबई पासधारकांचं डेक्कन क्वीनवर. १ जून १९३० ला सुरू झालेल्या या गाडीचा वाढदिवस दरवर्षी पुणे स्टेशनवर प्रवासी केक कापून साजरा करतात. आणि १५ सप्टेंबर २०२३ ला बेस्टची शेवटची जुनी डिझेल डबलडेकर धावली, तेव्हा ती बघायला कॅमेरे घेऊन आलेल्यांमध्ये लहानपणी वरच्या मजल्यावरच्या पहिल्या सीटसाठी रडलेले सगळेच होते.

स्टेशनवरची भूक

१९६६ च्या सुमाराला दादर स्टेशनबाहेर अशोक वैद्य यांनी बटाटावडा पावात घालून विकायला सुरुवात केली, असं सर्वसाधारणपणे मानलं जातं. जागा बघा: स्टेशनबाहेर. वडापाव ही धावत्या माणसाची गरज होती. एका हातात मावतो, ताटली लागत नाही, गाडी सुटायच्या आत संपतो.

तसाच कर्जतचा वडा. पुण्याकडे जाणाऱ्या गाड्यांना बोरघाट चढायला मागून जादा इंजिन लावावं लागतं. ते कर्जतला लागतं. गाडी थांबते, लोक उतरतात, वडा खातात. म्हणजे कर्जतच्या वड्याची कीर्ती ही घाटाच्या चढाची देणगी. ठाण्याला कुंजविहार, कल्याणला खिडकी वडा, सीएसएमटीसमोर आराम. घरी जाताना कुठल्या स्टेशनवर काय खायचं याचा नकाशा प्रत्येकाच्या डोक्यात असतो, आणि त्यावरून वाद घालायची तयारीही.

फुकटचं सिनेमाघर

लोकलचं सेकंड क्लासचं किमान तिकीट अजून ५ रुपये आहे. त्या हिशोबाने खिडकी हा शहरातला सगळ्यात स्वस्त करमणुकीचा प्रकार. खिडक्यांतही प्रतवारी असते. गाडी जाते त्या दिशेला तोंड असलेली ‘हवेची’ खिडकी पहिल्या दर्जाची, पाठ असलेली दुसऱ्या.

चर्चगेटहून निघालात तर डावीकडची धरा. मरीन लाइन्स ते चर्नी रोडच्या मधे जिमखान्यांच्या मैदानांपलीकडे समुद्र दिसतो. भाईंदर-नायगावच्या मधे खाडीवरून जाताना डब्यातला आवाज आपोआप कमी होतो. हार्बरवर मानखुर्द ते वाशी हा खाडीपूल हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत बघण्यासारखा, कारण ठाणे खाडीत रोहित पक्षी उतरलेले असतात. ओहोटी असेल तर चिखलावर गुलाबी पट्टा दिसतो. फोनमधून डोकं वर काढणारे थोडेच, पण काढतात ते रोज काढतात.

पावसाळ्यात बदलापूर सोडलं की पुढचा वांगणी, नेरळ, भिवपुरीचा टप्पा. डोंगरावरून उतरणाऱ्या पांढऱ्या रेघा मोजत जायचं.

आणि शनिवार रात्रीची शेवटची कसारा लोकल. सह्याद्रीत भटकणाऱ्यांच्या कित्येक पिढ्या या गाडीने घडवल्या. मध्यरात्री दादर, ठाणे, कल्याणला पाठीवर सॅक घेतलेली टोळकी चढतात, ऑफिसातून उशिरा सुटलेले थकलेले लोक त्यांच्याकडे "यांना घर नाही का" अशा नजरेने बघतात. गाडी रिकामी होत होत कसाऱ्याला पोचते. तिथे फलाटावर पडी टाकायची नाही तर जीपवाल्याशी घासाघीस करून कळसूबाई, रतनगड, हरिश्चंद्रगडाचा रस्ता धरायचा. कर्जतची शेवटची गाडी तशीच राजमाची आणि पेबवाल्यांची.

दाराचा प्रश्न

आता तो भाग, जो टाळून लोकलवर काहीही लिहिणं खोटं ठरेल.

लोकलमधली सगळ्यात हवीहवीशी जागा म्हणजे दार. वारा, मोकळेपणा, कानात गाणी. आणि सगळ्यात जास्त जीव घेणाऱ्या जागांपैकी एकही दारच. मुंबईच्या उपनगरी रेल्वेवर रूळ ओलांडताना, गाडीतून पडून आणि इतर कारणांनी मिळून वर्षाला दोन हजारांहून जास्त माणसं मरतात. रेल्वेच्या भाषेत इथल्या गर्दीला ‘सुपर डेन्स क्रश लोड’ असा खास शब्द आहे: एका चौरस मीटरमध्ये १४ ते १६ उभी माणसं. अशा डब्यात दारात लटकणारा प्रत्येक जण हौसेने लटकत नसतो. त्याला आत जागाच मिळालेली नसते.

९ जून २०२५ ला सकाळी दिवा-मुंब्रा दरम्यान शेजारून जाणाऱ्या दोन लोकलच्या दारातले प्रवासी रुळांवर पडले. काही जणांचा मृत्यू झाला, अनेक जखमी झाले. त्याच दिवशी रेल्वेने जाहीर केलं की मुंबईसाठी यापुढे बनणाऱ्या साध्या लोकललाही आपोआप बंद होणारे दरवाजे असतील. एसी लोकलला ते २५ डिसेंबर २०१७ ला पहिली गाडी धावली तेव्हापासून आहेतच. साध्या डब्यात मात्र प्रश्न श्वासाचा आहे. दार बंद झालं तर एवढ्या माणसांना हवा कुठून मिळणार? त्यासाठी दारांना जाळीच्या फटी, छतावरून हवा आत ढकलणारी यंत्रणा आणि एका डब्यातून दुसऱ्यात जाता येईल अशी जोडणी, असा आराखडा सांगितला गेला.

दार बंद झालं की दारातली संस्कृतीही संपेल, अशी हळहळ सोशल मीडियावर दिसते. मला त्यात फारसा दम वाटत नाही. दारातल्या वाऱ्याची आठवण त्यांनाच गोड लागते जे घरी पोचले. पण एक गोष्ट खरी आहे. बंद दाराला जी माणसं आत मावत नाहीत ती प्लॅटफॉर्मवरच राहणार आहेत, आणि त्यांच्यासाठी जास्त गाड्या लागणार आहेत. दाराचा प्रश्न शेवटी फेऱ्यांचा प्रश्न आहे.

मेट्रोत ग्रुप का होत नाही?

जून २०१४ मध्ये वर्सोवा-घाटकोपर मेट्रो सुरू झाली, २०२२ पासून अंधेरी-दहिसरच्या बाजूच्या मार्गिका, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये भुयारी मेट्रो ३ कफ परेडपर्यंत पोचली. थंड, स्वच्छ, धक्काबुक्की तुलनेने कमी. तरी मेट्रोत भजन नाही, दसरा नाही, डोहाळजेवण नाही.

याचं एक कारण नियम आणि कॅमेरे. पण माझ्या मते मोठं कारण वेगळं आहे. मेट्रोला ‘८.२३’ नाही. दर काही मिनिटांनी सारखीच गाडी येते, सगळ्या स्टेशनांवर थांबते, त्याच ठिकाणी जाते. एक चुकली तर दुसरी. कुणीच कुणाची वाट बघत नाही. लोकल गर्दीच्या वेळी तितक्याच वारंवार येते, पण प्रत्येक गाडी वेगळी असते: ही स्लो, ती फास्ट, ही अंबरनाथ, ती टिटवाळा, ही डोंबिवलीहूनच सुटणारी. त्यामुळे तुमच्या उपयोगाची गाडी तासाला एक-दोनच. त्या टंचाईने रोज तीच माणसं एकत्र आणली. शिवाय मेट्रोचे बाक भिंतीला लावलेले, सगळे समोरच्याकडे बघत बसलेले. लोकलच्या समोरासमोरच्या बाकांवर गुडघ्याला गुडघा लागतो आणि बोलणं सुरू होतं.

म्हणजे प्रवास सुखाचा झाला की हे सगळं विरळ होत जाणार. रोज दीड तास उभं राहणाऱ्याला यातलं काय निवडायचं हे विचारलं तर तो एका क्षणाचाही विचार करणार नाही, आणि त्याचं बरोबरच आहे.

मार्च २०२० ते ऑगस्ट २०२१

लोकलशिवाय मुंबई कशी असते याचा एक प्रयोग आपण सगळ्यांनी बघितला. मार्च २०२० मध्ये लोकल बंद झाल्या. १५ जूनला फक्त अत्यावश्यक सेवेतल्या कर्मचाऱ्यांसाठी सुरू झाल्या, २१ ऑक्टोबरला महिलांसाठी, फेब्रुवारी २०२१ मध्ये ठरावीक वेळेत सर्वांसाठी. दुसऱ्या लाटेत पुन्हा बंद. शेवटी १५ ऑगस्ट २०२१ पासून लशीचे दोन डोस घेतलेल्यांना पास मिळायला लागला.

पहिल्या दिवशी बरेच लोक आपापल्या जुन्या वेळेला, जुन्या डब्यासमोर जाऊन उभे राहिले. मास्कमुळे चेहरे ओळखू येत नव्हते. काही ग्रुपमधली माणसं कमी झाली होती. कुणाची नोकरी गेली होती, कुणी गावाला कायमचं गेलं होतं, आणि काहींची बातमी व्हॉट्सअ‍ॅपवर आधीच आली होती. अशा एका ग्रुपने पहिला आठवडाभर खिडकीजवळची एक जागा रिकामी ठेवली, असं डोंबिवलीच्या एका काकांनी मला सांगितलं. तेव्हा गर्दी कमी होती, ठेवता आली. पुढच्या महिन्यात गाडी पूर्वीसारखी भरली आणि त्या जागेवर कळव्याचा एक नवा मुलगा बसायला लागला. आता तो ग्रुपमध्ये आहे. दसऱ्याची वर्गणी तोच गोळा करतो.